कुलपाला भाडं कोण देणार?

दिवाळीत संध्याकाळी सांगलीच्या विश्रामबागेतून फिरताना इमारतींचे आकाशकंदील मोजायची मला खोड आहे. बारा फ्लॅटची इमारत, कंदील सात. शेजारची सोळा फ्लॅटची, तिथे नऊ. बाकीच्या खिडक्या काळ्या. त्यातल्या काही पुण्या-बंगळूरला नोकरीला गेलेल्या मुलांच्या. बाकीच्यांबद्दल वॉचमनला विचारलं की तो एकाच शब्दात सांगतो, "इन्व्हेस्मेंट". बाल्कनीत कबुतरांचा संसार, दाराला कुलूप आणि मालकाच्या खात्यातून दर महिन्याच्या पाच तारखेला हप्ता वजा.

मी एकोणतीस वर्षं बँकेत काढली, शेवटची बरीचशी कर्ज विभागात. दुसऱ्या घरासाठी कर्ज मागायला आलेल्याला मी हमखास विचारायचो, भाडं किती येईल? दहातले सात जण जरा दुखावल्यासारखे बघायचे. "भाड्यानं द्यायचं नाही साहेब, गुंतवणूक म्हणून घेतोय." हे वाक्य इतक्या वेळा ऐकलं की पुढे पुढे मला त्यात काही खटकेनासंच झालं. आता निवृत्त झाल्यावर खटकतं. जे घर भाड्यानं द्यायचंच नाही, ती गुंतवणूक कसली? ती तिजोरी झाली. तिजोरी असायला हरकत नाही, पण मग नफ्याच्या गप्पा मारू नयेत.

दुसऱ्याला शहाणपण शिकवण्याआधी माझं स्वतःचं सांगतो. २०१० च्या पावसाळ्यात मी सांगलीत एक टूबीएचके घेतला. किंमत १६ लाख. स्टँप ड्युटी, नोंदणी, वीज मीटर, पार्किंग, ग्रिल असं सगळं धरून १८ लाख झाले. ताबा मिळाला, पण भोगवटा प्रमाणपत्र, म्हणजे इमारत राहायला योग्य असल्याचा पालिकेचा दाखला, "पुढच्या महिन्यात" करत करत दोन वर्षांनी हातात पडलं. बिल्डरचं नाव घेण्यात आता अर्थ नाही. तेरा वर्षांपैकी चार वर्षं फ्लॅट भाड्यानं दिला, नऊ वर्षं कुलूप. आज देऊ, उद्या देऊ, चांगली माणसं मिळाली की देऊ. २०२३ च्या दिवाळीनंतर तो ३४ लाखांना विकला, तेव्हा घरात पेढे वाटले. जवळजवळ दुप्पट झाले की!

पेढे संपल्यावर कागद घेऊन बसलो. १८ चे ३४ व्हायला तेरा वर्षं लागली, म्हणजे वर्षाला पाच टक्के. त्यातून तेरा वर्षांचा मेंटेनन्स आणि घरपट्टी मिळून दोनेक लाख गेले होते, विकण्याआधीच्या रंगरंगोटीला ऐंशी हजार आणि एजंटाला एक टक्का. तेच १८ लाख सात टक्क्यांनी तेरा वर्षं ठेवीत राहिले असते तर कर कापण्याआधी ४३ लाख झाले असते. खरा दणका मात्र आमच्या सी.ए.नं दिला. तेव्हा भांडवली नफा काढताना खरेदीची किंमत महागाई निर्देशांकानं वाढवून धरायची सोय होती. २०१०-११ चा निर्देशांक १६७, २०२३-२४ चा ३४८. म्हणजे माझ्या १८ लाखांची महागाईनं झालेली किंमत साडेसदतीस लाख, आणि हातात आले ३४. "काका, कर काही नाही. तुम्हाला साडेतीन लाखांचा तोटाय." दुप्पट पैसे मिळवून तोट्यात गेलेला माणूस कसा दिसतो ते मी त्या दिवशी त्याच्या केबिनच्या काचेत पाहिलं.

२३ जुलै २०२४ पासून हा आरसाही सरकारनं काढून घेतला. त्यानंतर घेतलेल्या घराला निर्देशांक नाही, सरळ साडेबारा टक्के कर. आधी घेतलेल्यांना जुन्या पद्धतीनं, २० टक्क्यांनी हिशेब करायचा पर्याय ठेवलाय. पण नव्यानं घेणाऱ्याला आता कागदावर नफाच दिसणार, महागाईनं तो खाल्ला असला तरी.

त्या नऊ वर्षांच्या कुलपाचाही हिशेब केला. महिना सहा हजार भाडं, वर्षाला अकराच महिने धरले, तरी सहा लाखांना पाच-सहा हजार कमी. कुलपानं सहा लाख खाल्ले, आणि त्या बदल्यात काय दिलं? शेवटी गिऱ्हाईकाला दाखवायला दार उघडलं तेव्हाचा वास अजून नाकात आहे. बाथरूमच्या जाळीखालचं पाणी कधीच आटलेलं, त्यातून झुरळं वर आलेली. फ्लशचा कॉक गंजून बसलेला. स्वयंपाकघरातल्या प्लायच्या कपाटाला हात लावला तर बिस्किटासारखा तुकडा हातात आला. माणसाच्या वावरानं घर झिजतं हे खरं, पण वावर नसला की ते कुजतं.

आजचं गणित याहून अवघड आहे. ५० लाखांचा टूबीएचके धरू, विश्रामबाग किंवा शंभर फुटी रस्त्याच्या बाजूचा. महापालिका हद्दीत मुद्रांक शुल्क आणि अधिभार मिळून ६ टक्के, म्हणजे तीन लाख (बायकोच्या नावावर घेतला तर एक टक्का सूट). नोंदणी ३० हजार. बांधकाम चालू असताना घेतला आणि किंमत ४५ लाखांच्या वर असली तर ५ टक्के जीएसटी, अडीच लाख. भोगवटा मिळालेल्या इमारतीत हा जीएसटी नसतो, एवढ्यासाठी तरी तयार घर बघावं. वर ग्रिल, पंखे, गिझर. आकडा ५७ लाखांवर जातो. भाडं १२ हजार. वर्षात एक महिना रिकामा जातोच, म्हणून अकरा महिन्यांचे १ लाख ३२ हजार. त्यातून मेंटेनन्स १८ हजार, घरपट्टी १० हजार, दुरुस्त्या १० हजार. उरले ९४ हजार. ५७ लाखांवर पावणेदोन टक्केसुद्धा नाही.

आता यातले ४० लाख कर्जाचे असतील, साडेआठ टक्क्यांनी, वीस वर्षांसाठी, तर हप्ता ३४ हजार ७०० च्या आसपास बसतो. भाडं त्याच्या तिसऱ्या हिश्श्याला जेमतेम पुरतं. पैसा साडेआठनं घ्यायचा आणि घरातून पावणेदोननं काढायचा. मधलं अंतर भावाच्या वाढीनंच भरून निघायला हवं. म्हणजे वर्षाला पावणेसात-सात टक्के, तीही सलग वीस वर्षं. तसं झालं तर हा फ्लॅट वीस वर्षांनी दोन कोटींच्या वर जायला हवा. नवा फ्लॅट नव्हे हो, हाच! वीस वर्षांची लिफ्ट, गळणारी गच्ची आणि पार्किंगवरून भांडणारे बारा सभासद यांच्यासकट. दोन कोटी देऊन तो सांगलीत कोण घेणार, हे विचारलं की एजंट चहा मागवतो.

म्हणून माझं म्हणणं असं की घराची किंमत भाड्यापासून मोजत यावी. भाव सांगणाऱ्याला विकायचं असतं. भाडं देणाऱ्याला तिथे रोज अंघोळ करायची असते. पाणी कितीला येतं, ड्रेनेज तुंबतं का, रात्री ड्यूटीवरून येताना गल्लीत दिवा असतो का, हे सगळं त्याच्या आकड्यात उतरतं. त्याला स्वप्न विकता येत नाही, कारण पटलं नाही तर तो अकरा महिन्यांनी टेम्पो बोलावतो. मिरजेत दवाखान्यांच्या आसपासचा वन बीएचके बघा. दिसायला काही नाही, जिना अंधारा. पण नर्सेस, शिकाऊ डॉक्टर, कर्नाटकातून पेशंट घेऊन आलेले नातेवाईक अशी मागणी हटत नाही. २२ लाखांच्या अशा घराला साडेसात हजार मिळाले, तर खर्च वजा जाता अडीच टक्क्यांच्या वर सुटतात. अडीच टक्केही फार नव्हेत, पण पावणेदोनच्या मानानं दीडपट झाले. वालचंद कॉलेजच्या परिसरात ज्यांनी स्वतःच्या बंगल्यावर चार खोल्या चढवून पोरांना दिल्यात, त्यांचं गणित सगळ्यात चांगलं बसतं, कारण जमिनीचा पैसा बापजाद्यांनीच भरलेला असतो.

मग लोक भाड्यानं का देत नाहीत? आळस आहे, पण त्याहून भीती मोठी. "भाडेकरू बसला की उठत नाही." ही भीती खोटी नाही, फक्त जुनी आहे. १९४७ च्या मुंबई भाडे कायद्यात १ सप्टेंबर १९४० चं भाडं हे प्रमाण धरलं होतं आणि ते वाढवायला वाव जवळपास नव्हता. सांगलीच्या जुन्या गावभागातल्या वाड्यांतून त्याचे अवशेष अजून दिसतील. मालक पडक्या माडीत, भाडेकरू खाली, भाडं महिना चाळीस रुपये, आणि कौलं कोणी शाकारायची यावर तिसऱ्या पिढीचा दावा. ज्यांच्या आजोबांचा वाडा असा गेला, त्यांचे नातू आज फ्लॅटला कुलूप लावून बसलेत.

पण कायदा बदलूनही आता पंचवीस वर्षं झाली. १९९९ चा महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा ३१ मार्च २००० पासून लागू आहे. लिव्ह अँड लायसन्सवर दिलेल्या जागेत राहणारा भाडेकरू होतच नाही, तो परवानगीनं राहतो. मुदत संपूनही हलला नाही, तर सक्षम प्राधिकाऱ्याकडे अर्ज करता येतो आणि ताबा मिळेपर्यंत दुप्पट दरानं भरपाई मागता येते. अट एकच, करार लेखी आणि नोंदवलेला हवा, आणि तो नोंदवायची जबाबदारी मालकाची. मुद्रांक शुल्क पाव टक्का, शहरात नोंदणी हजार रुपये, घरबसल्या ऑनलाइन होतं. हे हजार-दीड हजार वाचवायला आपण पाचशेच्या स्टँपवर नोटरी करतो. उद्या वाद झाला तर नोंदणी नसलेल्या व्यवहारात राहणाऱ्याचं म्हणणं आधी खरं धरलं जातं, हे कुणी वाचलेलंच नसतं. पन्नास लाखांची वस्तू नोटरीच्या शिक्क्यावर सोडायची आणि मग भाडेकरू वाईट असतात म्हणायचं!

दुसरं कारण बोलायला अवघड आहे, पण बोलतो. आपण भाडेकरू शोधत नाही, सोयरीक जुळवतो. फोनवर आधी आडनाव, मग "मांसाहार चालतो का तुमच्यात", मग पोरगं एकटंच राहणार का. बॅचलर नको, मुसलमान नको, पोलीस नको, वकील तर नकोच. माणुसकीच्या दृष्टीनं हे किती हीन आहे ते ज्याचं त्यानं ठरवावं, मी धंद्याचंच सांगतो. रिकामा गेलेला प्रत्येक महिना वर्षाच्या भाड्यातले आठ टक्के घेऊन जातो. चार महिने 'आपल्यातलं' कुटुंब शोधण्यात घालवले, तर तिसरा हिस्सा गेला. माझ्याकडे चार वर्षं जी दोन मुलं राहिली ती नांदेडकडची, एमआयडीसीत कामाला. अंडी उकडायची, रात्री मोठ्यानं हसायची. एक महिना भाडं चुकलं नाही, आणि जाताना टाकी धुऊन गेली.

यातला काही दोष मालकांचा नाही. सगळी व्यवस्थाच कुलपाच्या बाजूनं आहे. घर भाड्यानं दिलं की मालक स्वतः राहत नाही म्हणून सोसायटी ना-वापर शुल्क लावते. ते सेवा शुल्काच्या १० टक्क्यांहून जास्त घेता येत नाही असा राज्य सरकारचा २००१ चा आदेश आहे, तरी जास्त मागणाऱ्या सोसायट्या मी पाहिल्यात. भाडेकरू नोंदला की घरपट्टी चढते. भाडं उत्पन्नात धरून आयकर लागतो. ३० टक्के सरसकट वजावट मिळते, पण कर लागतोच. आणि कुलूप लावलं तर? पूर्वी दुसऱ्या बंद घराचं काल्पनिक भाडं धरून कर घेत असत. २०१९-२० पासून दोन घरांपर्यंत तेही माफ झालं. ज्या गावात नर्सिंगच्या मुली एका खोलीत पाच-पाच राहतात, तिथे रिकामं घर ठेवणाऱ्याला सवलत आणि राहायला देणाऱ्याला दंड, असा हा उफराटा न्याय आहे. रिकाम्या घरांवर जबर कर बसवा असं मी म्हणत नाही. आपल्याकडे त्याचं काय होईल ते दिसतंच आहे, कागदोपत्री प्रत्येक घरात एक मावशी राहायला येईल. पण नोंदवलेला भाडेकरार असलेल्या घराला घरपट्टी राहत्या घराएवढीच लावायला महापालिकेचं फार जाणार नाही.

गुंठेवारीबद्दल, म्हणजे शेतजमिनीचे गुंठ्या-गुंठ्यानं तुकडे पाडून विकण्याबद्दल, थोडक्यात. एक गुंठा म्हणजे १०८९ चौरस फूट, एवढंच त्यातलं निश्चित असतं. सामाईक सातबाऱ्यावर अकरा नावं, तुमचा तुकडा त्यात नेमका कुठला ते कुणालाच माहीत नाही, आणि रस्ता 'होणार आहे'. २००१ चा गुंठेवारी कायदा आला, २०२१ मध्ये मुदत वाढवून ३१ डिसेंबर २०२० पर्यंतची बांधकामं त्यात घेतली, म्हणून आता सगळं नियमित होणारच अशी हमी एजंट देतात. ज्याला स्वतःला राहायचंय आणि दुसरं परवडत नाही, त्याची गोष्ट वेगळी. त्यानं नियमितीकरणाचा दाखला बघून घ्यावा. नफ्यासाठी मात्र नको. तिथे ना भाडं, ना बँकेचं सहज मिळणारं कर्ज, आणि विकायला गेलात तर तुमच्यासारखाच भोळा शोधावा लागतो.

आता सांगलीचा खास मुद्दा, पाणी. इथल्या माणसाला पूर तारखेनं आठवत नाही, फुटानं आठवतो. कृष्णेवरच्या आयर्विन पुलापाशी इशारा पातळी ४० फूट, धोका ४५. ऑगस्ट २०१९ मध्ये पाणी ५७ च्या वर गेलं, जुलै २०२१ मध्ये ५५ च्या आसपास. सूर्यवंशी प्लॉट, इनामदार प्लॉट, काकानगर, दत्तनगर इथे प्रत्येक घराला आपला आकडा तोंडपाठ आहे. कुणाच्या अंगणात एवढ्या फुटांना येतं, कुणाच्या जोत्याला तेवढ्यांना. पाऊस लागला की लोक हवामान बघत नाहीत, पुलाचा आकडा बघतात आणि सामान माडीवर चढवायचं का ते ठरवतात. एवढं बारीक ज्ञान गावात आहे, आणि घराच्या एकाही कागदावर ते नाही. सातबाऱ्यावर नाही, खरेदीच्या नोंदणीच्या उताऱ्यावर, इंडेक्स टूवर नाही, घरपट्टीच्या बिलावरही नाही. विकास आराखड्यात निळी आणि लाल रेषा असते, पंचवीस वर्षांतून आणि शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. पण ती नकाशावर. घर घेणारा नकाशा बघत नाही, सॅम्पल फ्लॅट बघतो.

गेल्या वर्षी भाच्याबरोबर एक तळमजला बघायला गेलो होतो. आजूबाजूपेक्षा आठ लाखांनी स्वस्त, नवा रंग, नव्या टाइल्स. "मामा, बघा की, काय वाईट आहे?" एजंट म्हणाला, पाणी येत नाही हो, एकोणीसला आलं होतं थोडं, पार्किंगपर्यंत. मी भिंतीकडे बघत होतो. झाडून सगळी स्विच बोर्डं छातीएवढ्या उंचीवर. टीव्हीचा सॉकेट माझ्या खांद्याला लागत होता. स्वयंपाकघरात खाली एकही लाकडी कपाट नाही, सगळा कडाप्पा. कुठला वायरमन हौसेनं सॉकेट इतका वर बसवतो? बाहेर आल्यावर समोरच्या चहावाल्याला विचारलं. त्यानं काही न बोलता आडवा हात गळ्याला लावला.

सहा महिन्यांनी चौकशी केली. विकणाऱ्याला गिऱ्हाईक मिळालं नव्हतं, म्हणून त्यानं घर भाड्याला काढलं होतं. त्याच इमारतीतल्या पहिल्या मजल्याच्या निम्म्यात गेलं. एजंट जे सांगत नव्हता ते भाड्यानं सांगून टाकलं.

माझी मागणी साधी आहे. घरपट्टीच्या बिलावर एक ओळ छापा: या मालमत्तेच्या जोत्याला पाणी आयर्विनच्या किती फुटांना लागतं, आणि २००५, २०१९, २०२१ ला किती चढलं होतं. २०१९ आणि २०२१ च्या पुरांनंतर नुकसानभरपाईसाठी घरोघर पंचनामे झालेत, म्हणजे माहिती सरकारदरबारी कुठल्या तरी कपाटात आहेच. भाव पडतील अशी ओरड होईल. पडू देत. पडलेल्या भावात घर घेणारा निदान माहीत असून घेईल, जोतं उचलेल, तळमजला मोकळा सोडेल. आज तो भाव दाबून धरलाय आणि पुढचा पूर नवख्याच्या गळ्यात बांधला जातोय.

या सगळ्यावर आमच्या शेजारच्या आप्पांचा एक आक्षेप आहे आणि मला तो खोडता येत नाही. ते म्हणतात, "तुझ्या ठेवीतले पैसे पोरानं गाडीला मागितले असते तर तू मोडून दिले असतेस. फ्लॅट मोडता येत नाही, म्हणून तर तो राहिला." खरं आहे. हप्त्याच्या धाकानं का होईना, आमच्या पिढीतल्या कितीतरी पगारदारांची शिल्लक घराच्याच रूपानं राहिली. चाळीस वर्षांपूर्वी विश्रामबागेत माळावर ज्यांनी प्लॉट घेतले, त्यांची चांदी झाली हेही खरं. पण तो माळ आता नाही, आणि तो भावही. आप्पांचा स्वतःचा दुसरा फ्लॅट सहा वर्षं बंद आहे. मी एवढंच म्हटलं, धाकासाठी घेतलात, ठीक. पण किल्ली तरी कुणाला द्या.

भाचा अजून घर शोधतोय. तळमजल्याचा नाद सोडला, आता मिरजेत दवाखान्यामागचा एक वन बीएचके बघितलाय, मालकीची तीस वर्षांची कागदपत्रं तपासायचं काम, सर्च रिपोर्ट, वकिलाकडे दिलाय. सोसायटीचं अभिहस्तांतरण झालेलं नाही, म्हणजे इमारतीखालची जमीन अजून बिल्डरच्या नावावर. ते माझ्या मनाला टोचतंय, त्याला नाही. रविवारी परत जाणार आहोत. त्याला सांगितलंय, मालकाशी नंतर बोलू. आधी जिन्यात थांबून तिथे भाड्यानं राहणाऱ्या सिस्टरना विचार, उन्हाळ्यात टँकर किती लागतात आणि भाडं किती देता.